नदीसारखं चालणारं नाव

“नाव आणलंस का?” सदानं विचारलं, म्हणजे त्याचे ओठ तसे हलले. चार यंत्रमागांच्या खडखडाटात शब्द कानावर पडण्याचा प्रश्नच नव्हता. मी खांद्यावरच्या पिशवीवर हात ठेवून मान हलवली. पिशवीत माझी वही होती.

इचलकरंजीत आमचं घर आणि माग यांच्यामध्ये एक पत्र्याची भिंत होती, एवढंच. वडील गेल्यावर धाकटा भाऊ सदा मागावर उभा राहिला. मी कोल्हापुरात दिलेली, तिथल्याच एका हायस्कुलात मराठी आणि संस्कृत शिकवायचे. ही चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. लग्नानंतर तीन वर्षांनी सदाला मुलगी झाली होती. त्या दिवशी तिचा दहावा दिवस होता आणि दोन दिवसांनी बारसं. पाळण्यातल्या बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा, आणि तिला आत्या मी एकटीच.

आत गेले तर विमल, सदाची बायको, खाटेवर बसून बाळाच्या पायाला तेल लावत होती. पत्र्यापलीकडे एवढा दणदणाट चाललेला आणि पोरगी गाढ झोपलेली. माझी आई दाराशी बसून तिच्याकडे एकटक बघत होती.

“बघ की, डोळं पण किलकिलं करत नाही,” आई माझ्या कानाशी येऊन म्हणाली. “आईच्या वळणावर जाते का काय, देव जाणे.”

“आई, विमलला दोन वर्षांची असताना मेंदूज्वर झाला होता. ते काही रक्तातून येत नाही.”

“डॉक्टर म्हणतोय तसं. माझ्या जिवाला पटाय नको?”

विमलचं ऐकू येणं त्या तापात गेलं, बोलणं फुटायच्या आधीच. सातवीपर्यंत ती मूकबधिर मुलांच्या शाळेत, वसतिगृहात राहून शिकली. तिची आई लवकर वारलेली, म्हणून बाळंतपण सासरीच झालं होतं. सदानं तिला पसंत केली तेव्हा आईनं दोन दिवस अन्न सोडलं होतं. सदा म्हणाला, “आई, मागावर दिवसभर मी तरी काय ऐकतोय? आमच्यात सगळे ओठ बघूनच बोलतात.” लग्नात नवरीचं नाव बदलायची आमच्याकडे रीत होती. तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहायची वेळ आली तेव्हा सदानं ‘विमल’च लिहिलं. गुरुजींनी हटकलं, तर तो म्हणाला, “एवढं एक नाव तिला समोरच्याच्या ओठांवर ओळखता येतंय. ते पण काढून घेऊ व्हय?”

मला तो प्रसंग आवडला होता. चारचौघांत मी तो सांगायचेही. नावं हा माझा विषयच होता ना.

जूनमध्ये शाळा सुरू झाली की पहिल्या तासाला मी वर्गातल्या प्रत्येक मुलीला तिच्या नावाचा अर्थ आणि उगम सांगायचे. वृंदा म्हणजे तुळस. अरुंधती म्हणजे वसिष्ठांची पत्नी, सप्तर्षींजवळची ती बारीक चांदणी. मुली डोळे मोठे करून ऐकायच्या. माझ्या वहीत शंभरावर नावं होती, आणि त्यातली बहुतेक दीर्घ ईनं संपणारी. संस्कृतात आकारान्त स्त्रीलिंगी शब्द मालेसारखे चालतात आणि ईकारान्त नदीसारखे. मला नदीसारखी चालणारी नावं आवडत. मैथिली, वैदेही, शर्वरी, देवयानी. माला गळ्यात पडून राहते, नदी पुढे जाते, असं मी वर्गात सांगायचे आणि मुली ते लिहून घ्यायच्या.

वहीच्या पहिल्या पानावर मात्र एकच नाव होतं. जान्हवी. ते मी लग्नाच्या वर्षी लिहिलं होतं, माझ्या मुलीसाठी. मला दोनदा दिवस राहिले आणि दोनदा गेले. त्यानंतर डॉक्टरांनी नाही म्हणून सांगितलं. तेरा वर्षं ते पान तसंच होतं. सदाला मुलगी झाल्याची तार आली त्या दिवशी मी ती वही काढली आणि त्याला पत्र लिहिलं, की नाव ठरलंय, जान्हवी, मी बारशाला घेऊन येते.

संध्याकाळी माग बंद झाल्यावर आईनं विषय काढला. “पंचांगात अक्षर भ आलंय. भागीरथी ठेवा की. माझ्या सासूचं नाव.”

“आई, भगीरथानं आणली म्हणून गंगा भागीरथी झाली. तीच गंगा जह्नू ऋषींची मुलगी म्हणून जान्हवी. एकच नदी आहे. आजीचं नाव ठेवल्यासारखंच झालं.”

 “तुला कोण हरवणार,” आई म्हणाली आणि भाकऱ्या थापायला उठली.  सदा हातातली मागाची तुटलेली पट्टी उलटसुलट करून बघत होता.

मी वही घेऊन विमलजवळ बसले. पहिलं पान तिच्यासमोर धरलं. तिनं अक्षरांवरून बोट फिरवलं, ओठ हलवले आणि माझ्याकडे पाहिलं. मी तिला गोष्ट सांगू लागले, थोडी ओठांनी, थोडी हातांनी. गंगा वाहत आली. ऋषींची कुटी वाहून गेली. ऋषींना राग आला, त्यांनी सगळी नदी पिऊन टाकली. मग देवांनी विनवलं, तेव्हा त्यांनी ती कानातून बाहेर सोडली. मी माझ्या कानाला बोट लावलं आणि तिथून पाणी खळाळत बाहेर पडतंय असा हात केला. कानातून जन्मली म्हणून ती त्यांची मुलगी.

विमलचा हात तिच्या कानाकडे गेला. तिनं बट मागे सारली आणि हात खाली घेतला. “छान,” तिचे ओठ म्हणाले.

मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. मी समाधानानं वही मिटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळीला चालले होते. न्हाणीशेजारच्या भिंतीवर एक आरसा टांगलेला होता, सदाचा दाढीचा. विमल त्याच्यासमोर उभी होती. एक पंजा छातीवर, दुसरा गळ्यावर. तोंड उघडत होती, मिटत होती. माग सुरू होते, त्यामुळे आवाज येतोय की नाही तेही कळत नव्हतं. मी ओठांवरून ओळखलं. ती ‘जान्हवी’ म्हणत होती. माझं मन भरून आलं. नाव तिला एवढं आवडलं तर!

तेवढ्यात माग थांबले. सूत संपलं असेल, नाहीतर वीज खालीवर झाली असेल. आणि त्या शांततेत विमलचा आवाज एकदम उघडा पडला.

“आ-अ-वीईई—”

सुरुवातीचा आ ठीक होता. पुढचा ई मात्र बारीक होत होत वर चढला, पत्र्यावर खिळा ओढावा तसा, आणि वरच फाटला. दाराशी शेजारची पारव्वा सुताच्या कांड्या भरायला बसलेली होती. ती खळखळून हसली. “अगं बया! मला वाटलं मांजर शिरलं घरात!”

पारव्वाच्या मनात पाप नव्हतं. बाळंतपणात विमलजवळ रात्रभर बसलेली बाई ती. पण विमलला आरशात पारव्वाचं हसणं दिसलं, आणि तिच्या पाठीमागे उभी असलेली मीही दिसले. तिनं तोंड मिटलं. कंगवा घेतला आणि त्यासाठीच आरशापुढे आल्यासारखी ती केस विंचरू लागली.

तासाभरानं ती माझ्याकडे आली. हातात चौकडीचा कागद होता. शाळेत शिकलेल्या टपोऱ्या अक्षरात तिनं लिहिलं होतं:

‘आक्का. नाव छान. मला येत नाही. मी हाक कशी?’

आधी माझं लक्ष ‘आक्का’तल्या चुकीकडे गेलं, हे मला आज सांगायला हवं. मग मी ते पुन्हा वाचलं. मला वाटलं, बिचारी उगाच मनाला लावून घेते. मी तिला समोर बसवलं, तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि तिला नीट समजावं म्हणून एकेक शब्द सावकाश, ओठ पूर्ण हलवून म्हटला.

“हाक आम्ही मारू. मी, सदा, आई. तू काळजी करू नकोस.”

तिची नजर माझ्या ओठांवरून हलली नाही. बोलणं संपल्यावर तिनं मान डोलावली, कागदाच्या चार घड्या घातल्या आणि कमरेला खोचला. तिला सगळं कळलं होतं. इतकं स्पष्ट मी तिच्याशी त्याआधी कधी बोललेच नव्हते.

अकराच्या सुमाराला सदा मला चहाला घेऊन गेला. कोपऱ्यावर एक गाडा होता, तिथे मागाचा आवाज जरा कमी यायचा. मी त्याला कागदाचं सांगितलं. थोडी हसतच सांगितलं, आणि मी तिची समजूत कशी घातली तेही.

सदानं कप खाली ठेवला. “तू तिला असं म्हणालीस?”

“का? चुकीचं काय त्यात?”

त्यानं आपला पंजा छातीवर ठेवला. मग म्हणाला, “अक्का, तिच्या शाळेत बाई पोरांचा हात आपल्या छातीवर ठेवून घ्यायच्या. आ म्हटलं की छातीत घुमतंय. म म्हणताना नाकाला बोट लावायचं, मुंग्या आल्यागत वाटतं. ऊ, ओ ओठावर दिसतात. पण ई कुठं दिसत नाही. हाताला लागत नाही. म्हणून तो तिच्या ताब्यात राहत नाही, वर पळतो. ज पण दिसत नाही, न पण नाही. सगळं तोंडाच्या आत चालतंय ते.”

“तुला एवढं कसं ठाऊक?”

“तीन वर्षं शिकतोय की मी पण.” तो जरा हसला. “ती गल्लीत तोंड उघडत नाही. लग्न झाल्यावर सुरवातीला बोलायची, पोरं नक्कल करायला लागली. मग घरात माझ्यापुढं तेवढी. पण सातवा लागला तसं रोज सकाळी आरशापुढं उभी. आ, मा, बा. मी विचारलं, कशाला ही मेहनत? तर तिनं लिहून दिलं, पोरगी रस्त्यावर पळाली, मागनं ट्रक आला, तर मी काय करू? टाळ्या वाजवू?”

समोरून सुताच्या गाठोड्यांनी भरलेला एक टेम्पो गेला. मी त्याच्याकडे बघत राहिले.

“मग पत्रात का कळवलं नाहीस? एक ओळ लिहायची.”

“तू लिहिलंस ना, जान्हवी ठरलंय म्हणून.” सदा माझ्याकडे न बघता म्हणाला. “ते नाव कुणासाठी होतं ते मला ठाऊक आहे अक्का. दुसऱ्या वेळी दवाखान्यातनं तुला घरी न्यायला मीच आलो होतो. रिक्षात तू ती वही मांडीवर घेऊन बसली होतीस. मी कोणत्या तोंडानं सांगू तुला, की ते नाव नको?”

मी चहा संपवला. गार झाला होता.  आम्ही तसेच चालत घरी आलो.

दुपारी आमच्या भागातली वीज गेली. इचलकरंजीत वीज गेली की अख्खा भाग एका क्षणात मुका होतो. इतका वेळ ऐकू न आलेल्या गोष्टी ऐकू यायला लागतात, कुठे नळ ठिबकतोय, कुठे कोण खोकतंय. विमलला मात्र त्यातलं काही कळलं नसणार. ती बाळाच्या दुपट्याला टाके घालत होती. मी तिच्यासमोर जाऊन बसले, तिच्याच चौकडीच्या कागदावर लिहिलं, ‘तुला काय येतं ते मला दाखव,’ आणि वही उघडली. या वेळी शेवटून.

शेवटच्या दोन पानांवर थोडी आकारान्त नावं होती, यादी पुरी व्हावी म्हणून लिहिलेली. मी पहिल्या नावावर बोट ठेवलं. शोभा.

ती माझ्याकडे संशयानं बघत राहिली. मी तिचा हात उचलून माझ्या छातीवर ठेवला आणि म्हटलं, “शोभा.” मग माझा हात तिच्या छातीवर ठेवला. ती उठली, दाराबाहेर बघून दार लोटून आली आणि हळूच म्हणाली, “ओमा.”

श नुसता वारा होऊन गेला होता आणि भ चा म झाला होता. प, ब, भ, म हे सगळे ओठांवर सारखेच दिसतात, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. इतकी वर्षं मी मुलांना ओष्ठ्य वर्ण म्हणून ते पाठ करायला लावत होते. माला म्हटलं तर ल हरवला. रमामधला र हरवला. मेधा, सुधा, उषा, एकही धड निघेना. नुसतेच स्वर बाहेर यायचे. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. शेवटचा आ दर वेळी सरळ येत होता. तळहाताखाली तो मला नीट जाणवत होता, भरदार, न डगमगणारा. तिथे आली की ती ठाम उभी राहायची.

पानाच्या तळाशी उमा होतं. तिथे माझं बोट अडखळलं.

त्याला कारण होतं. या नावाच्या मुली माझ्या वर्गात येत, तेव्हा मी त्यांना उमा म्हणजे कांती, उमा म्हणजे हळद, असं सांगून पुढे जायचे. पुराणातला उगम सांगत नसे. पार्वती कोवळ्या वयात तपाला निघाली तेव्हा तिची आई मेना म्हणाली, ‘उ, मा.’ अगं, नको. तेच तिचं नाव पडलं. मुलीच्या नावात ‘नको’ असावं हे मला कसंतरीच वाटायचं. आमच्या भागात तिसरी-चौथी मुलगी झाली की तिला नकुशी म्हणणारी घरं मी पाहिली होती.

विमलनं माझं बोट बाजूला केलं आणि नाव वाचलं. ओठांचा चंबू केला. मग ओठ मिटले. मग तोंड उघडलं.

“उमा.”

आवाज जाडसर होता, थोडा घोगरा. पण अख्खा होता. त्यातून काहीच सांडलं नव्हतं. मी मान हलवली, पुन्हा म्हण. तिनं छाती भरून घेतली.

“उमाऽ!”

“कोण ही उमा?” बाहेरून पारव्वाचा आवाज आला. “कुणाला हाक मारालाय वो बाई?”

मी विमलचा चेहरा माझ्याकडे वळवला. “पारव्वा,” मी दाराकडे बोट करून ओठांनी सांगितलं. “ती विचारते, कोण उमा?”

विमल माझ्याकडे बघतच राहिली. तिनं मला ते पुन्हा सांगायला लावलं. मी सांगितलं. तिनं तिसऱ्यांदा सांगायला लावलं. मग ती हसली, आवाज करून हसली. तिचं हसणं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. खाटेवर वाकून तिनं झोपलेल्या पोरीच्या पोटावर हात ठेवला.

मग तिला काहीतरी आठवलं. तिनं वही हातात घेतली, पानं उलटत पहिल्या पानापर्यंत गेली, त्या एकट्या नावावर तळहात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. सदानं तिला सांगितलं असणार. नवराबायकोत ते बोलणं कधी आणि कसं झालं असेल, मला ठाऊक नाही.

मी वही तिच्या हातून घेतली आणि मिटली. “राहू दे,” मी म्हणाले. “ते माझ्यापाशी राहू दे.”

बारशाच्या दिवशी सदानं तासभर माग बंद ठेवले. गल्लीतल्या दहा-बारा बायका जमल्या. पाळण्याला झेंडूच्या माळा बांधल्या होत्या, घुगऱ्यांचं पातेलं कोपऱ्यात झाकून ठेवलं होतं. बाळाला पाळण्याच्या खालून-वरून देण्याघेण्याचं झालं, ओवाळणं झालं. आई म्हणाली, “कुमुद, ये पुढं. सांग नाव.”

मी पुढे झाले आणि विमलचा हात धरून तिला पाळण्यापाशी आणलं.

“अगं, आत्याचा मान असतोय तो,” आई म्हणाली.

“मान माझाच आहे, आई. तो मी तिला देतेय.”

 जमलेल्यांपैकी बऱ्याच जणींनी तीन वर्षांत विमलचा आवाज ऐकला नव्हता. काहींनी ऐकला होता तो पोरांनी केलेल्या नकलेतून. विमलनं एकदा सगळ्यांकडे पाहिलं. पारव्वाकडे जरा जास्त वेळ पाहिलं. तिचा हात छातीवर गेला. पाळण्यावर वाकून ती म्हणाली, “उमा.” फारच हळू. पुढच्या बाईलाही ऐकू गेलं नसेल. तिनं माझ्याकडे बघितलं, मी हातानं खूण केली, मोठ्यानं.

“उमाऽऽ!”

पोरगी दचकली, दोन्ही हात हवेत उडवून तिनं भोकाड पसरलं. बायका हसायला लागल्या. विमल घाबरून गेली, आपलं काय चुकलं ते तिला कळेना. मी तिचा दंड धरला आणि ओठ पूर्ण हलवून म्हणाले, “ऐकू आलं. तिला ऐकू आलं.”

हे आईनंही ऐकलं. ती पाळण्याशेजारी बसली आणि तिनं पदर तोंडाला लावला. बारा दिवस तिच्या मनात काय चाललं होतं ते तेव्हा कुठे सगळ्यांना समजलं. पारव्वा तिच्याशेजारी बसून पाठीवरून हात फिरवत म्हणाली, “मागाच्या आवाजाला निजणारी पोरगी, आईच्या आवाजाला उठली की! उगं रडताय कशाला?” मग माझ्याकडे वळून, “पण बाई, अर्थ काय वो नावाचा? तुम्ही शाळेत सांगताय म्हणं.”

मी हळद सांगू शकले असते. कांती सांगू शकले असते. पण मी मेनाची गोष्ट सांगितली, पहिल्यापासून. पोर घर सोडून रानात निघाली, आईच्या तोंडून हाक निघाली, उ, मा, अगं नको जाऊस. आणि त्या हाकेचंच पुढे नाव झालं.

आईनं डोळे पुसले. “म्हणजे आईच्या तोंडातनं आलेलं नाव ते,” म्हणाली. “असू दे. चांगलं आहे.” आणि घुगऱ्या वाटायला उठली.

पुढे विमलनं गल्लीत बोलणं सुरू केलं असं मात्र काही झालं नाही. ती एकच शब्द बोलायची, पण दिवसातून शंभर वेळा. गल्लीच्या टोकापर्यंत तिची हाक जायची आणि तो आवाज कुणाचा हे कुणाला विचारावं लागत नसे. नक्कल करणारी पोरं पुढेही निघाली. उमानं त्यातल्या दोघांना चांगलं बदडलं, असं सदा सांगायचा. तेव्हा ती सात वर्षांची होती.

बारावी झाल्यावर उमा कॉलेजसाठी कोल्हापूरला आमच्याकडे राहायला आली. चार वर्षं होती. त्या वर्षांबद्दल मी इथे लिहीत नाही, ती माझी आहेत. एवढंच सांगते, की दर रविवारी सकाळी नऊ वाजता आमच्या घरचा फोन वाजायचा. मी उचलायचे. पलीकडून हॅलो नाही, कसे आहात नाही, एकदम, “उमा.” पलीकडच्या माणसाशी मी बोलून काही उपयोग नसायचा. मी आतल्या खोलीकडे तोंड करून सांगायचे, “उमे, तुझ्या आईचा फोन गं.” मग उमा यायची, रिसीव्हर घेऊन मोठ्यानं म्हणायची, “ओ!” आणि त्यानंतर सदाशी, म्हणजे तिच्या दादांशी, तिचं बोलणं सुरू व्हायचं, परीक्षेचं, कॅन्टीनच्या जेवणाचं, सगळं.

एका रविवारी मी तिला म्हटलं, “अगं, तिला कुठे ऐकू जातंय? ओ कुणाला देतेस? सरळ दादांशी बोलायला लाग की.”

उमा वेणी घालत होती. तोंडात रिबीन धरलेली, ती काढून म्हणाली, “रिसीव्हर दोघं मिळून धरतात, आत्या. कानाकडची बाजू दादांच्या कानाला आणि खालची आईच्या तोंडापाशी. मी ओ दिली की दादा मान हलवतात. ती मान हलेपर्यंत आई हाक मारत राहते.”

पुढच्या रविवारी फोन वाजला तेव्हा मी जागची उठले नाही. “उमे, तूच उचल गं,” एवढंच म्हणाले.